दहा सेंटिमीटरची रेघ

भाद्रपद लागला की आमच्या घरातलं अंतराळयान मान टाकतं.

पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी माझ्याकडे बघतात, मग वर. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, दोऱ्याने टांगलेलं एक कागदी व्हॉयेजर आहे. सत्त्याहत्तर साली पृथ्वीवरून निघालेलं खरं यान आता ग्रहांना मागे टाकून कुठच्या कुठे गेलं आहे; आमचं अजून माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपासून चालत येण्याच्या अंतरावर आहे. मोठी पांढरी बशी, तिच्यामागे दहा बाजूंचा डबा, आणि डब्यातून एका अंगाला निघालेला लांब, जाळीदार दांडा. हा दांडा शेवयांएवढ्या बारीक कागदी पट्ट्या तिरक्या चिकटवून केलेला आहे. जुलैपर्यंत तो ताठ असतो. श्रावणात त्याचा निश्चय डळमळू लागतो. गणपती येईतो टोक चांगलं चार बोटं खाली आलेलं असतं. मग दसऱ्यानंतरचं कोरडं ऊन पडलं की कुणी हात न लावता तो हळूहळू वर येतो.

वसईच्या हवेला या दिवसांत स्वतःचं वजन असतं. बरणीतलं मीठ दगड होतं, बिस्किटं पुडा फोडल्याबरोबर शरण येतात, कपाटातली पुस्तकं गरोदर बायांसारखी सुस्तावतात. कागद तर हवेतलं पाणी पिऊनच जगतो. अशा गावात कागदाची यानं बनवायचा छंद धरणं म्हणजे रसवंतीगृहात बसून कडक उपास करण्यासारखं आहे. पण छंद धरणाऱ्यांनी हवामानाचा विचार केला असता तर जगात निम्मे छंद झालेच नसते.

छंद सुधाकरचा. सुधाकर माझा नवरा. आम्ही एकाच ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर बसत होतो, त्यामुळे लग्नानंतरही ‘अहो’ काही जमलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याने आधी माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. ते मी निस्तरेपर्यंत त्याच्या मनात सोसायटीच्या कमिटीत जायचं आलं. तेव्हा मीच घाबरून म्हटलं, काहीतरी छंद घे बाबा. मला वाटलं, बागकाम करेल, फार तर तबला शिकेल.

त्याला सापडली कागदी यानवाल्यांची जमात. ही माणसं जगभर पसरलेली आहेत. कुणी निवृत्त पोस्टमन, कुणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, कुणी बर्फाळ गावातली नर्स. महिनोन् महिने खपून ती एखाद्या यानाचा प्रत्येक सुटा भाग कागदावर आखतात आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट देऊन टाकतात. खाली एकच विनंती: बनवलंत तर फोटो पाठवा. मग त्या फोटोंखाली चर्चा चालते. सोनेरी वेष्टनाच्या सुरकुत्या इतक्या ठळक असाव्यात का, अमक्या खांबाची तिसरी खीळ उड्डाणाआधी काढली होती की नंतर. मी नोकरीत समित्या पाहिल्या, निवृत्तीनंतर परिसंवाद पाहिले. इतक्या निरुपयोगी गोष्टीवर इतक्या सभ्यपणे भांडणारी माणसं मला दुसरीकडे भेटली नाहीत.

आमच्याकडे या जमातीची शाखा दर रविवारी सकाळी भरायची. सभासद तीन. एक सुधाकर. दुसऱ्या फिलोमिना टीचर, जवळच्या गास गावच्या. आयुष्यभर पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलेलं, त्यामुळे अजूनही सगळ्यांशी त्याच आवाजात बोलणाऱ्या. त्यांच्या घरी नाताळचे तारे पिढ्यान्‌पिढ्या घरीच होतात, बांबूच्या काड्या, रंगीत कागद आणि मैद्याची खळ. कागदाला कुठे किती ओलावा सोसतो हे त्यांच्या बोटांना कळतं. येताना पिशवीतून कधी अळूची पानं, कधी उन्हात वाळवलेली सुकेळी घेऊन यायच्या. तिसरी श्वेता, दातांची डॉक्टर. राहायला नायगावच्या नव्या टॉवरमध्ये, दवाखाना माणिकपूरला. ती दवाखान्यातले जुने चिमटे आणायची. माणसाच्या दाढेतून निवृत्त झालेला चिमटा चंद्रावरच्या यानाचे पाय बसवण्यात रमलेला मी पाहिला आहे.

“टीचर, हे वाकलंय का हो?” श्वेता विचारायची.

“वाकलं नाय. तूच वाकडी बसलीयस. पाठ सरळ.”

“काकू, टीचर मला परत पहिलीत घालतायत.”

“पहिलीत सगळ्यांना नाय घेत,” टीचर नजर वर न करता म्हणायच्या.

माझं काम चहाचं आणि टीकेचं. मी हातात पुस्तक घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे आणि अधूनमधून विचारायचे की याचा उपयोग काय. कापलेल्या कागदाची पांढरी कड दिसू नये म्हणून ते तिघं प्रत्येक तुकड्याची कड स्केचपेनने रंगवत बसलेले असायचे. ही कड पुढे चिकटून आत जाणार, कुणालाच दिसणार नाही. तरी रंगवायची. घडी घालायच्या रेषेवरून संपलेलं बॉलपेन फिरवून कागद आधी दबवायचा. गोलाई द्यायला माझी विणकामाची सुई. आणि सगळ्यांत मोठा नियम, कागदाशिवाय काही वापरायचं नाही. तार नाही, काडी नाही. “तार घातली की ते खेळणं,” टीचरांचा निकाल होता.

पावसाळ्यात कापलेले भाग तांदळाच्या डब्यात ठेवायचे. तांदूळ ओलावा ओढून घेतो. युक्ती टीचरांची, डबा माझा. एका दुपारी आमटीभात कालवताना माझ्या बोटाला एक छोटा कागदी शंकू लागला. शिजूनसुद्धा त्याने आकार सोडला नव्हता. मी तो ताटाच्या कडेला ठेवला.

“अरे, हा इथे होता!” सुधाकर म्हणाला. “चार दिवस शोधतोय. थ्रस्टर आहे तो, यानाला ढकलणारा.”

“मीठ बरोबर आहे का, ते सांग.”

ज्या वर्षी आपलं यान चंद्राच्या दक्षिणेकडे उतरलं, त्या भाद्रपदाची ही गोष्ट आहे. गोष्ट म्हणण्याइतकं त्यात काही घडलं नाही. पण दांडा झुकायला लागला की मला ते दिवस आठवतात.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात सुधाकरच्या उजव्या हातातली कपबशी वाजायला लागली होती. आधी आम्ही दोघांनीही बशीला दोष दिला. मग डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. औषधं आहेत, हळूहळू वाढतो, प्रत्येकाचं वेगळं असतं, असं सगळं नीट समजावलं आणि शेवटी विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय?”

“कटर किती दिवस धरता येईल?” सुधाकरने विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तो काय प्रकार आहे हे समजावायला मला बराच वेळ लागला.

घरी येताना रिक्षात तो म्हणाला, “व्हॉयेजर घेतो आता. मोठं आहे, पण घेतो. एक तरी पूर्ण माझ्या हाताने व्हायला पाहिजे. पुढच्या वर्षीचं काय सांगावं.” मी बाहेर पाहत होते. त्याने आणखी एक माहिती दिली. खऱ्या व्हॉयेजरवरची वीज दरवर्षी थोडी कमी होते, म्हणून खालचे लोक यानावरचं एकेक उपकरण बंद करत जातात. जे चालू राहील तेवढ्यावर काम चालतं. “अजून सिग्नल येतो त्याचा,” तो म्हणाला. जणू एखाद्या गावाकडच्या चुलत्याची खुशाली सांगत होता.

सकाळची गोळी घेतल्यावर काही तास हात बरा असायचा. तेवढ्यात काम. श्रावणभर दहा बाजूंचा डबा हळूहळू उभा राहिला. मी चहा टेबलाच्या लांबच्या टोकाला ठेवायला शिकले.

गणपतीच्या आधी आमच्या भागातल्या मंडळाची माणसं आली. त्यांचा देखावा होता ‘भव्य दिव्य चांद्रमोहीम’. थर्माकोलचं दुमजली रॉकेट, निळे दिवे, चंद्रावर उतरलेले दोन अंतराळवीर. आपल्या यानात माणसं नव्हती, असं सुधाकर म्हणाला. “काका, नुसतं यान कोण बघायला येणार?” असं उत्तर आलं. त्यांना रविवारच्या तिघांनी आदल्या वर्षी बनवलेला कागदी लँडर हवा होता. शोकेसमध्ये ठेवू, तुमचा सत्कार करू.

सत्काराच्या संध्याकाळी फलकावर सुधाकरचं नाव होतं आणि पुढे ‘वसईचे सुपुत्र, अंतराळ शास्त्रज्ञ’. सुधाकरचा जन्म देवरुखचा, आणि आयुष्य रंगांच्या कंपनीत हिशेब लिहिण्यात गेलेलं. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि विज्ञानयुगावर इतका वेळ बोलले की युग बदललं असतं. तेवढ्यात रॉकेटखालचा धूर सोडण्यात आला. यंत्राचं तोंड नेमकं शोकेसकडे, आणि शोकेसची काच फोटोसाठी बाजूला काढून ठेवलेली. धूर विरला तेव्हा आमचा लँडर चारही पाय पसरून, ओल्या पापडासारखा बसला होता. टीचरांनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत, हे मला ठरवता येईना.

शाल झाली. मग श्रीफळ. सुधाकरने उजवा हात पुढे केला आणि हातावरचा नारळ थरथरायला लागला. चांगलाच, शेवटच्या खुर्चीपर्यंत दिसेल असा. निवेदकाने माईक ओढला. “बघा मंडळी, काका किती भावुक झालेत! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!”

टाळ्या झाल्या. सुधाकर टाळ्या थांबेपर्यंत नारळ धरून उभा राहिला.

घरी आल्यावर त्याने शाल खुर्चीवर टाकली, नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “भावुक म्हणे.” आम्ही दोघंही हसलो. मग तो बराच वेळ लँडरचे पाय तांदळात पुरत बसला. “पाय गेले,” तो म्हणाला. “बाकी ठीक आहे.”

दुसऱ्या दिवसापासून तो व्हॉयेजरच्या बशीला लागला. आता त्यात आधीचा निवांतपणा नव्हता. रविवारची वाट न बघता रोज सकाळी बसायचा. बशी सुंदर झाली. पाकळ्या पाकळ्या जोडून तिची खोलगट गोलाई त्याने अशी आणली की मीसुद्धा पुस्तक बाजूला ठेवून पाहिली. तिच्याखाली एक कडं होतं. ते डब्याच्या माथ्यावर अलगद बसायला हवं होतं. ते बसेना.

पहिल्या वेळी त्याने कडा घासल्या. दुसऱ्या वेळी कडं कापून नवीन केलं, पुन्हा नवीन कागदावरून, गोळीनंतरच्या चांगल्या तासात, श्वास रोखून. तेही अडकलं. जोर दिला तर डब्याची एक बाजू आत चेपली, आणि पांढऱ्या कागदावर डिंकाचा पिवळा ठसा उमटला. तिसऱ्या वेळी काय झालं ते मी पाहिलं नाही. मी ओट्याशी होते. मला फक्त कटर कापायच्या हिरव्या मॅटवर ठेवल्याचा आवाज आला. नीट, शांतपणे ठेवल्याचा. आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.

“रेषेवरून चालत नाही हात,” तो म्हणाला. “मला वाटतं चालतोय, पण नाही चालत. झालं आता.”

त्याने सगळ्यावर जुनं चादरीचं कापड टाकलं. रविवारी टीचर आल्या, श्वेता आली. कुणी कापड उचललं नाही. टीचरांनी सुकेळी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “मी चिकटवून देते ना, भाऊ. लहान मुलांचं नाय का करत आपण.”

“मग ते तुमचं होईल, टीचर.”

“माझं झालं तर काय बिघडलं?”

“काही नाही. पण मग ते तुमचं होईल.”

पहिली-दुसरीच्या वर्गात हे त्यांनी पुष्कळदा ऐकलेलं असणार.

अनंतचतुर्दशी होऊन गेली. विसर्जनाचे ढोल थांबले की या गावात एक ओलसर शांतता पडते. मी कपाटातले खण पुसायला काढले होते आणि खाली घालायला कागद हवे होते. सुधाकरने वाया गेलेली छापील पानं माझ्याकडे सरकवली. “घे यातली.” कार्डशीट जाड, खणाला चांगली. मी एक पान खणाच्या मापाने दुमडताना खालच्या कोपऱ्यात एक बारीक आडवी रेघ दिसली. तिच्याखाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं, ही रेघ दहा सेंटिमीटर भरली पाहिजे.

आता, लिहिलेली गोष्ट तपासून बघायची मला खोड आहे. म्हणूनच मला सत्काराला कुणी बोलावत नाही. पट्टी हाताशीच होती. रेघ तीन मिलिमीटर कमी भरली.

मी दुसरं पान घेतलं. तीन मिलिमीटर कमी. मग उठून चादर उचलली आणि डब्याच्या भागांचं उरलेलं पान काढलं. त्यावरची रेघ बरोब्बर दहा.

“सुधाकर,” मी म्हटलं, “ही पानं कुठे छापली?”

अर्धी श्वेताच्या दवाखान्यात. मग तिथली शाई संपली, तेव्हा उरलेली तिने स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणली होती. रेघ मोजल्याशिवाय कटर लावायचा नाही हा त्यांचा पहिल्या रविवारपासूनचा नियम. त्याला वाटलं तिने मोजली. तिला वाटलं काका मोजतातच.

त्याने माझ्या हातातून पट्टी घेतली आणि स्वतः मोजलं. पट्टी कागदावर थरथरत होती, म्हणून त्याने ती डाव्या हाताने दाबून धरली. मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. कडं बरोबर कापलेलं होतं. तिन्ही वेळा. फक्त ते एका किंचित लहान यानाचं होतं.

“हात नव्हता,” तो म्हणाला.

हात पण होता, थोडासा. डिंकाचा तो ठसा झेरॉक्सवाल्याने पाडलेला नव्हता. पण तेवढं त्यालाही माहीत होतं, आणि आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत की प्रत्येक खरी गोष्ट त्याच दिवशी बोलली पाहिजे असं नसतं.

श्वेताला फोन केला तर ती पेशंट खुर्चीत सोडून ओरडली, “शिट! काका, सॉरी, रिअली सॉरी! मी चेकच नाही केलं!” मागून कुणीतरी तोंडात कापूस असल्यासारखं काही विचारलं. “तुम्हाला नाही हो, तुमची दाढ ओके आहे!”

दुकानात मीच गेले. दुकानदार भला माणूस. “काकू, कडेला कापलं जात होतं ना, म्हणून मी थोडं लहान करून पानात बसवून दिलं. सगळ्यांना तसंच देतो. आजवर कुणाची तक्रार नाही.” त्याचं खरं होतं. जन्माचा दाखला तीन मिलिमीटर लहान झाला म्हणून कुणाचं काही अडत नाही. त्याला त्या पानांवरचं चित्र कशाचं आहे हे विचारावंसं वाटलं. मी सांगितलं. “अस्सं,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या वेळची छपाई त्याने माझ्या पट्टीने स्वतः मोजून दिली.

नवीन कडं डब्यावर बसलं तेव्हा अगदी हलकासा आवाज झाला, डबीचं झाकण लागल्यासारखा. टीचरांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. मग दांडा राहिला. त्या शेवयांएवढ्या पट्ट्या. चिमट्याने उचलायच्या, टोकाला डिंक, तिरक्या टेकवायच्या. त्याला कितीतरी सकाळी लागल्या. एक पट्टी बसायची, दोन पडायच्या. टीचर मदतीला हात पुढे करायच्या आणि मागे घ्यायच्या. शेवटच्या काही पट्ट्यांना त्याने मला जवळ बोलावलं. “मनगटाखाली हात दे. धरू नकोस. नुसता खाली ठेव.” मी ठेवला. माझ्या तळहातावर त्याचं मनगट बारीक बारीक थरथरत होतं, आतून कुणी सतत काही सांगत असावं तसं. पट्टी टेकली.

दांडा सरळ नाही. कोरड्या दिवसांतही नीट पाहिलं तर मध्ये किंचित लाटेसारखा आहे. फोटो पाठवला तेव्हा ज्या परक्या माणसाने ते भाग आखले होते त्याने उत्तर दिलं, दांडा एकाही तारेशिवाय केलेला दिसतोय, धन्यवाद. पहिला पावसाळा आला आणि टोक खाली झुकलं. तेव्हा श्वेता म्हणाली, “टीचर, एकच बारीक तार घालू या ना, आतून. कुणाला कळणार?” टीचर सुधाकरकडे बघत म्हणाल्या, “त्याला कळेल.” सुधाकर म्हणाला, “दसऱ्यापर्यंत थांबा. येतो तो वर.” आणि आला.

आता पुन्हा भाद्रपद आहे. दांडा खाली आहे. गल्लीच्या तोंडाशी मंडप उभा राहतो आहे. यंदा देखावा समुद्रमंथनाचा, धुराचं यंत्र तेच. सुधाकरने वर्षभरात कटर हातात घेतलेला नाही. चांगले तास आता शर्टाची बटणं आणि जेवण यांतच जातात. रविवारची शाखा चालू आहे. श्वेता आणि टीचर आपापलं करतात. तो क्रमांक वाचून दाखवतो, कुठला भाग कुठे जातो ते सांगतो, चुका काढतो. टीका हे माझं काम होतं. ते त्याने घेतलं, तेव्हा मला दुसरं शोधणं भाग पडलं.

आज सकाळी हिरव्या मॅटसमोर मी बसले. यान लहानसं आहे, नवशिक्यांसाठीचं, पहिल्यांदा आकाशात जाऊन नुसतं बीप बीप करणारा तो गोल डबा आणि मागे चार मिशा. मी कटर उचलला.

“थांब,” सुधाकर म्हणाला. त्याने पट्टी माझ्याकडे सरकवली. ती टेबलावरून खडखडत आली. “आधी रेघ.”

मी पट्टी लावली. चष्मा नाकावर नीट केला. “दहा. बरोब्बर.”

“नक्की?”

“तूच बघ.”

त्याने वाकून पाहिलं, मान हलवली आणि आपली खुर्ची माझ्या खुर्चीला लावून घेतली.

“छान,” तो म्हणाला. “आता चुकलं तर आपलंच.”